भिंतीची वाकडी रेघ

फार पूर्वी एका गावात एक तळं होतं आणि एक पाटील होते. तळं पाण्याने काठोकाठ भरलेलं असे आणि पाटील शहाणपणाने. तळ्याचं पाणी एका उंच दगडी भिंतीने अडवलं होतं आणि सारा गाव त्या भिंतीच्या खालच्या अंगाला वसला होता. घरं, गोठे, देऊळ, शाळा, सगळं तिच्याच भरवशावर.

ही भिंत पाटलांच्या आजोबांनी बांधलेली. म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गावात सोहळा होई. भिंतीला पांढराशुभ्र चुना लावत. मग पाटील वाजतगाजत भिंतीवर चढत, माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, हातातली काठी तीनदा आपटत आणि सांगत, "भिंत धड आहे!" की लगेच गूळ-खोबरं वाटलं जाई. भिंतीवर उभं राहिलं की भिंत दिसत नाही, हे मात्र इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गूळ-खोबरं तोंडात असलं की माणूस फारसा विचार करत नाही.

गावच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. दर गुरुवारी त्या मुलांना देवळाच्या ओवरीत बसवत. हातात कोळसा, वाटीत गेरू आणि हळद. समोरचं काहीही काढायचं, बकरी, पिंपळ नाहीतर तिथून कडेने दिसणारी ती भिंत. बाईंचा नियम एकच होता. "माहीत आहे ते काढू नका. दिसतंय ते काढा." मुलांना हे फार जड जाई. बकरीला चार पाय असतात हे माहीत असतं आणि दिसतात तीनच!

पाटलांच्या डोळ्यांत हा वर्ग खुपत होता. "रंगाने पोट भरतं का?" ते म्हणत. "त्यापेक्षा पाढे पाठ करून घ्या." श्रावणातल्या एका गुरुवारी ते चार माणसं घेऊन ओवरीत आले. मुलं त्या दिवशी भिंतच काढत होती.

पाटील कागद बघत बघत कुंभाराच्या मुलीपाशी थांबले. आठ-नऊ वर्षांची पोर, नाकाला कोळसा लागलेला. तिच्या कागदावरची भिंत मधोमध चांगलीच बाहेर आली होती.

"बघा!" पाटील कडाडले. "वर्षभर शिकतेय आणि साधी सरळ रेघ येत नाही. माझ्या आजोबांची भिंत वाकडी काढते! पोरी, ती रेघ पूस आणि सरळ काढ. नाहीतर उद्यापासून हा वर्ग बंद."

बाईंचा सगळा जीव त्या वर्गात होता. 'पूस' एवढं म्हणाल्या असत्या तर वर्ग वाचला असता. कोळशाची रेघ पुसायला कितीसा वेळ लागतो? पण त्या मुलीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "बाळ, तुला काय दिसतंय?"

मुलीने डोळे बारीक करून पुन्हा समोर पाहिलं. मग ती उभी राहिली.

"पाटीलबाबा, रेघ पुसते मी. पण आधी भिंत सरळ करा."

पाटलांच्या माणसांतल्या एकाने जीभ चावली, दुसऱ्याला हसू फुटलं. पाटील लालबुंद झाले. बाईंनी शांतपणे कोपऱ्यातलं गाठोडं सोडलं. त्या मुलांचा एकही कागद टाकत नसत. मुलीची आधीची चित्रं त्यांनी ओळीने मांडली. ज्येष्ठातली भिंत सरळ होती. आषाढातली थोडी फुगलेली. आणि आजची अशी.

पाटलांबरोबर गावातला म्हातारा गवंडी आला होता. तो चित्रांवर वाकला आणि त्याचा चेहरा उतरला. "पाटील, कुंभाराच्या घरची पोर आहे. फुगवटा तिला नाही कळणार तर कुणाला? मी ओळंबा लावून बघतो."

सगळे भिंतीकडे धावले. गवंड्याने माथ्यावरून ओळंबा सोडला. दोरी मधोमध भिंतीच्या पोटावर टेकली आणि खालचं वजन भिंतीपासून चांगलं हातभर लांब लोंबू लागलं. चुन्याने झाकलेल्या फटींतून पाणी झिरपत होतं. पाटलांच्या हातातली काठी गळून पडली.

पण त्यांनी वेळ घालवला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. स्वतः धोतर खोचून त्यांनी सांडवा उघडला आणि तळ्यातलं पाणी खाली करायला लावलं. बाया, बाप्ये, पोरंसोरं, सगळ्यांनी दोन दिवस दगड-माती वाहून भिंतीला बाहेरून भक्कम टेकू दिला. तिसऱ्या दिवशी असा पाऊस कोसळला की बैलसुद्धा गोठ्यातून बाहेर पडेनात. गाव श्वास रोखून बसला. भिंत हलली नाही. एकाही घरात पाणी शिरलं नाही. मग मात्र गावाने जल्लोष केला. कुंभाराच्या मुलीला खांद्यावर घेऊन ढोल-ताशे वाजवत मिरवणूक काढली, आणि सगळ्यांत पुढे पाटील नाचत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम सोडला, "आजपासून मुलांनी रोज भिंतच काढायची!"

"नको, पाटील," बाई हसल्या. "परवा भिंत फुगली, उद्या दुसरंच काही बिघडेल. त्यांना सगळ्याकडे बघू द्या. बकरीकडे, पिंपळाकडे, तुमच्याकडेसुद्धा."

पाटलांना ते पटलं. पुढच्या गुरुवारी ते फेटा बांधून ऐटीत ओवरीत बसले. घटकाभराने कुंभाराच्या मुलीने आपला कागद दाखवला. फेटा झकास, मिशा झकास. पण त्याखाली हे एवढं मोठं पोट!

"पोरी, हे जरा..." पाटील बोलायला गेले आणि थांबले. त्यांनी मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. मग गदागदा हसत म्हणाले, "राहू दे, पुसू नकोस. आणि गवंडीदादा, तेवढा तुमचा ओळंबा इथे आणू नका!"

तात्पर्य: चित्र काढणाऱ्या मुलाला नीट बघायची सवय लागते, आणि नीट बघणारं एक मूल साऱ्या गावाला तारतं. म्हणून पोराच्या हातातला रंग काढून घेण्याआधी, त्याने काय काढलंय ते एकदा बघावं.