हौसाच्या सोड्याला मिळालेली फळी

एका गावात एक भोळा सोडावाला होता. मल्हारी त्याचं नाव. खरं तर सोडा त्याची बायको हौसा करायची. आलं किसायचं, गूळ घालायचा, बरणीत मुरू द्यायचं, मग बाटल्या भरायच्या. झाकण उघडलं की फस्स व्हायचं आणि पहिल्या घोटाला नाकातून पाणी यायचं. बाटल्या पोचवायचं काम मल्हारीचं. वाटेत तो कसलाही विचार करत नसे, त्यामुळे वेळेवर पोचायचा.

तालुक्याला मोठा सुपरबाजार निघाला. तिथली थंड पेयांची भिंतच्या भिंत एका बड्या कंपनीने अडवली होती. हौसाने मॅनेजर धायगुडेसाहेबांकडे खेटे घालून एक फळी मिळवली. सगळ्यांत खालची, फिनाईलच्या शेजारची. पण फळी ती फळी. इथे सोडा खपला, तर तिला एसटी स्टँडवर उन्हात बसावं लागणार नव्हतं.

तिने मल्हारीला बजावलं, "अहो, फळी फार खाली आहे. आपली बाटली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर राहील असं बघा."

"बरं," मल्हारी म्हणाला.

तो गेला. पहिलं गिऱ्हाईक आलं, एक पेन्शनर आजोबा. मल्हारीने बाटली उचलली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. आजोबा डावीकडे वळले, बाटली डावीकडे गेली. उजवीकडे वळले, तिकडेही बाटली. आजोबांना दुसरं काही दिसेना. ते बिस्किटांच्या मनोऱ्यात शिरले आणि पलीकडून बाहेर आले.

हौसाने कपाळाला हात लावला. म्हणाली, असं कुणाला आडवं जाऊ नये. बाजूला व्हावं आणि अदबीनं म्हणावं, "या, तुमचंच आहे सगळं."

"बरं," मल्हारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा विक्रेता आला. गळ्यात टाय, मागे खोकी. त्याने विचारलं, ही खालची फळी कुणाची? मल्हारी बाजूला झाला. अदबीनं म्हणाला, "या, तुमचंच आहे सगळं."

विक्रेत्याला जन्मात इतक्या सहज जागा मिळाली नव्हती. मल्हारीने त्याला खोकी उतरवायला, बाटल्या लावायला मदत केली, आपल्या बाटल्या पोत्यात भरल्या आणि वेळेवर घरी पोचला.

हौसा तशीच एसटी पकडून तालुक्याला गेली. हातापाया पडून फळी परत मिळवली. घरी आली ती जेवलीच नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, "आता एवढं ध्यानात ठेवा. आपल्या फळीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. कुणालाही."

"बरं," मल्हारी म्हणाला.

सकाळी शाळेच्या जाधवबाई आल्या. त्यांना गॅदरिंगसाठी खोकंभर सोडा हवा होता, आणि तोही हौसाचाच. त्या फळीकडे वाकल्या. मल्हारी आडवा झाला.

"हात लावायचा नाही."

"अहो, मला विकत घ्यायचाय."

"घ्या की. हात लावू नका."

मग न्यायचा कसा, असं बाईंनी विचारलं. मल्हारीने पुष्कळ विचार केला. हे काही हौसाने सांगितलं नव्हतं. बाई कंपनीचं खोकं घेऊन गेल्या. नंतर आलेल्यांनाही त्याने लांबूनच बाटल्या दाखवल्या. एका पोराचं बोट लागलं, ती बाटली त्याने पुसून ठेवली.

संध्याकाळी धायगुडेसाहेबांनी त्याला बोलावलं. म्हणाले, "मल्हारी, इथे सगळ्यांचा माल हलतो. एक तुमचा हलत नाही. उद्या मालक येतायत. माल हलला नाही, तर ही फळी कंपनीला गेलीच म्हणून समज."

मल्हारी फळीसमोर जाऊन बसला. आपल्या बाटल्या बघितल्या. खरंच, एकही हलत नव्हती. मग त्याने कंपनीच्या बाटल्यांकडेही बराच वेळ बघितलं आणि तो काळजीत पडला.

सकाळी दार उघडताच तो कामाला लागला. धूळ पुसत असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. एरवी आळशी वाटणारा माणूस घामाघूम झालेला पाहून धायगुडेसाहेबांना जरा बरंच वाटलं.

मालक आले. पांढरा सफारी, पांढऱ्या मिशा. हौसाही धुतलेलं लुगडं नेसून आली होती. तिने पदर सावरला आणि सांगितलं, सोडा घरचा आहे, एकदा चव बघा. मालकांनी फळीवरची बाटली उचलली आणि झाकण काढलं.

सोडा आधी छताला लागला. मग मालकांना.

कुणी हललं नाही. मालकांच्या मिशांतून थेंब गळत होते. त्यांनी जिभेने एक टिपला. मग दुसरा. हसले.

"धायगुडे," ते म्हणाले, "अशी चव मी लहानपणी घेतली होती. बाईंना दारासमोरची फळी द्या. वरची."

हौसाला रडूच आलं. धायगुडेसाहेबांनी रुमालाने मालकांची पाठ टिपली आणि मल्हारीला हळूच विचारलं, असा कसा रे फसफसला?

"तुम्हीच म्हणालात माल हलला पाहिजे. पहाटे उठून आलो, दार उघडल्यापासून हलवतोय," मल्हारी म्हणाला. "पण साहेब, तुम्ही म्हणालात सगळ्यांचा हलतो. मी नीट बघितलं. कंपनीची एकसुद्धा बाटली हलत नव्हती. मालकांसमोर तुमचा शब्द खोटा पडला असता."

"मग?"

"मग काय. ती भिंतही सगळी हलवून ठेवलीय."

धायगुडेसाहेबांनी मान वळवली. तिकडे टायवाला विक्रेता हसतमुखाने मालकांसाठी आपली सगळ्यांत मोठी बाटली उघडत होता.