महादरवाजावरची काठी

खैरगडाच्या महादरवाजात बिबट्या आला आणि पहारेकरी धर्माजीची काठी मोडली. बिबट्या आपणहून निघून गेला म्हणून धर्माजी वाचला. गडाच्या कोठारात तलवारींचा ढीग, आणि दारावरच्या माणसाच्या हातात लाकूड! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने थेट रणधवल राजाकडे चौकीवरच्या चौघांसाठी तलवारी मागितल्या.

राजा हट्टी, वर थट्टेखोर. पहारेकऱ्यांना तलवारी दिल्या तर एक जण हरवणार, दुसरा गंजवणार, तिसरा मेव्हण्याच्या लग्नात मिरवायला नेणार, असं त्याचं ठाम मत. शिवाय आत एवढी फौज असताना दाराशी मरायला येणार कोण? त्या फौजेच्या तलवारीही कुलपातच असत, ही गोष्ट वेगळी.

"उद्या दसरा," राजा मिशीत हसत म्हणाला. "सूर्य मावळायच्या आत चौघांच्या कमरेला तलवारी दिसू देत. पण तू कोठाराच्या कुलपाला हात लावायचा नाहीस, नवी घडवायची नाही, उसनी आणायची नाही. जमलं तर तलवारी तुमच्या. नाही जमलं तर बायकामुलांना घेऊन गड उतर."

धर्माजीचा बापही याच दारावर म्हातारा झाला होता. आता जायचं कुठं?

दसऱ्याला राजाने शस्त्रपूजेसाठी कोठार उघडवलं. कमरेला तलवारी लावून राजा आणि त्याचे तीन सरदार वाजतगाजत सीमोल्लंघनाला गेले. दिवस कलताना आपट्याचं सोनं घेऊन परतले, तर दारात धर्माजी नवी काठी आडवी धरून उभा!

"हत्यारं चौकीत ठेवून आत यावं, सरकार."

सरदार खवळले. धर्माजीने सांगितलं, बाहेरून येणाऱ्याचं हत्यार दारातच उतरवून घ्यायचं, हा राजांचाच हुकूम. आजवर तो लाकूडतोड्यांच्या कुऱ्हाडींना आणि गवतवाल्यांच्या विळ्यांनाच लागला, पण हुकमात सरदारांना सूट कुठं आहे?

राजाने डोळे बारीक केले. "आणि आम्ही तलवारी उपसून आत शिरलो तर? काठीने अडवशील?"

"छे, सरकार! काठीने कोण अडतंय? शिरलात तर दारावर तलवार लागते, हे साऱ्यांदेखत ठरलं. नाही शिरलात तर हत्यारं इथं ठेवा. सूर्य अजून वर आहे."

राजा घोड्यावरून उतरला. त्याने स्वतःची तलवार सोडून धर्माजीच्या कमरेला बांधली. मग तिन्ही सरदारांनीही तोंडं वाकडी करत आपल्या तलवारी उरलेल्या तिघांना दिल्या.

"आता तरी जाऊ का आत?"

"कमरेचा खंजीर राहिला, सरकार."

राजा पोट धरून हसला. खंजीर धर्माजीच्या हातात देत म्हणाला, "हे तुमचं बक्षीस, नाईक. आजपासून हा दरवाजा तुमचा. आता मला आत घ्या!"