तळ्याचं सुतक

हे समोरचं तळं कासारखेडचं. वाकून बघा, तळाचे खडे दिसतील. पण वैशाखातले काही दिवस गावातलं कुणी याच्यात घागर बुडवत नाही. त्या दिवसांत सगळ्या गावाला सुतक असतं, आणि ते या तळ्याचं.

फार मागं गावात पटकी आली, असं सांगतात. जुलाब-उलट्या लागायच्या आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवस मावळेतो जायचा. देवी कोपली म्हणून लोकांनी तिला तळ्यात न्हाऊ घातलं आणि तेच पाणी तीर्थ म्हणून घरोघर दिलं. वाटायचं काम निरोबा गुरवाकडं. त्याची लेक तानू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

सुतकाच्या घरात तीर्थ द्यायचं नाही, आणि त्या घरानं तळ्यावर यायचं नाही, ही रीत. त्यांनी पाणी आणायचं ते डोंगराखालच्या झऱ्याचं. अशी घरं वगळत फिरताना निरोबाच्या ध्यानात आलं, म्हणे, की सुतक आहे तोवर त्या घरात दुसरं माणूस दगावत नाही. सुतक फिटून घागर तळ्यावर आली की पुन्हा रडारड.

तानूला झऱ्याचं पाणी पाजू म्हणाला, तर बायको अंगावर आली. सुतकाचं पाणी पोटुशीला? चार लोकांत बोलला, तर देवीच्या तळ्याला नावं ठेवतो म्हणून त्यालाच धारेवर धरलं.

मग एक दिवस निरोबानं तीर्थाचा तांब्या चावडीपुढं पालथा घातला. "आजपासून गावाला सुतक," म्हणाला.

"गुरवा, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" पाटील म्हणाले. "मेलंय कोण?"

"तळं गेलं, पाटील. इतक्या पिढ्या त्यानं पाजलं, म्हंजे आईच की ती आपली. आईचं सुतक धरायचं न्हाई?"

आईचं सुतक नको असं कोण म्हणणार? तरी पाटलांनी डिवचलंच, "आणि खांदा कोण देणार तुझ्या तळ्याला?"

"समद्यांनी. गाळ काढून खांद्यावरनं वाहायचा."

गाव झऱ्यावर गेलं. तळं उपसलं, तेव्हा गाळातून रोग्यांच्या अंथरुणाची धडुती निघाली. बायका ती इथंच धूत होत्या. आधीच अंथरूण धरलेले दोघे-चौघे गेले, मग मरण थांबलं. तानूला मुलगी झाली. सुईण म्हणाली, "सुतकात सोयर आलं, आता फेडायचं कुठलं आधी?" निरोबा कितीतरी दिवसांनी हसला, म्हणे.

आजही वैशाखात गाव तळ्याला खांदा देतं. आणि गावात कुणी गेलं, तर भेटायला आलेली म्हातारी माणसं दारातच विचारतात, "पाणी कुठलं पीत होते?" घरची माणसं सांगतात, "पाणी चांगलं होतं, काका. वय झालं होतं." ते ऐकलं की म्हातारे सुस्कारा सोडतात, आणि मग रडायला बसतात.