गॅसच्या गाडीतली पहिली उदबत्ती

सांगलीच्या बबनशेठांकडे एक जुनी कॅम्पर व्हॅन विकायला होती. आत दोन बिछाने, छोटा ओटा आणि पेट्रोलवरून एलपीजीवर केलेलं इंजिन. हेमलताताईंचे यजमान तिच्यावर लुब्धच झाले. निवृत्तीनंतर तिच्यातच झोपत दोघांनी कोकणभर हिंडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. ताईंना मात्र मागच्या बिछान्यापाशी कसलासा वास आला.

"शेठ, गॅस गळतोय का हो?"

"नव्या रंगाचा वास आहे तो!" बबनशेठ हसले. "ताई, तुम्ही पडदे निवडा, टाकीचं माझ्यावर सोडा. तुमच्या स्वयंपाकघरापेक्षा सुरक्षित गाडी आहे ही."

दुसऱ्या दिवशी यजमान व्यवहार पक्का करायला निघाले, तेव्हा ताईंनी पूजेची पिशवी बरोबर घेतली. व्हॅनपाशी येताच त्यांनी पिशवीतला नारळ गाडीपुढे ठेवला आणि शेठजींच्या हातात उदबत्ती दिली.

"पहिली उदबत्ती तुमच्याच हातची. त्या मागच्या बिछान्यावर बसून लावा. वारा नको म्हणून मी दार ओढून घेते."

ताईंनी पिशवीतून काडेपेटी काढली मात्र, बबनशेठ चार पावलं मागे उडाले. "अहो, काडी ओढू नका! जीव घ्याल सगळ्यांचा!"

ताईंनी शांतपणे काडेपेटी उघडून दाखवली. ती रिकामी होती.

"काड्या घरीच ठेवून आले, शेठ. पण जिथं तुम्ही एक उदबत्ती लावायला धजत नाही, तिथं आम्ही रात्र रात्र झोपायचं होय?"

यजमानांनी गाडीपुढचा नारळ उचलून पिशवीत परत ठेवला.