संध्याकाळच्या ताज्या ताटाची कहाणी

ऐक माते अन्नपूर्णे, तुझी कहाणी. आणि बायांनो, तुम्हीपण ऐका. घरी कुकर लावून आलात, ठाऊक आहे मला. जीव तिकडं ठेवू नका, घटकाभर इकडं आणा.

आटपाट नगर होतं. त्याला वेस नव्हती, बसथांबा होता. तिथं वैजयंता नावाची एक बाई राहायची. गावाबाहेरच्या दवाखान्यात लोकांचं रक्त तपासायची. सकाळी पोळ्या लाटाव्यात, बस धरावी, दिवसभर सुया टोचाव्यात, दिवेलागणीला घरी यावं. घरी नवरा दिनकर, सासू आणि केतकी नावाची लेक. दिनकर पाचच्या ठोक्याला घरी येई, चपला काढी, पेपर उघडी आणि वैजयंतेची वाट बघे. भूक लागली की माणूस बायकोची फार वाट बघतो.

केतकीला भूक लागली की ती पुडी फोडी. कधी वेफर, कधी शेव, कधी दोन मिनिटांच्या शेवया. पोरीचा चेहरा उतरला, केस गळू लागले, शाळेचा जिना चढता चढता दम लागू लागला. वर्गाच्या बाईंनी बोलावून सांगितलं, "घरी हिला काही करून घालता की नाही?" दिनकरला नाही बोलावलं. वैजयंतेलाच बोलावलं.

मग वैजयंता दवाखान्यात आली नि कोपऱ्यात बसून रडू लागली. तिथं एक म्हातारी रक्त द्यायला आली होती. तिनं पुसलं, "बाई बाई, का रडतेस?" वैजयंतेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तुला एक वसा देते. पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील." "नाही गं आजी, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." म्हातारी म्हणाली, "मग ऐक. हा संध्याकाळच्या ताटाचा वसा. ताटात एक पालेभाजी असावी, एक मोडाची उसळ असावी, एक कच्ची कोशिंबीर असावी. दिवेलागणीला करावं, गरम वाढावं. घरातल्या प्रत्येक तोंडाला ताजा घास मिळावा. शिळं कुणाच्या ताटात पडू नये, आणि अन्न टाकू नये." एवढं बोलून ती दिसेनाशी झाली. ती कोण होती, हे तुम्हाला कळलं. वैजयंतेला कळायला उशीर लागला.

मग तिनं वसा धरला. रविवारी मटकी, मूग, हरभरे भिजवून मोड आणावेत, डबे भरून ठेवावेत. बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडावी. कंडक्टर म्हणे, "ताई, देठं खाली टाकू नका हं." घरी आली की पर्स खुंटीला लावावी आणि पाय न टेकता भाकरीचं पीठ मळावं. आधी केतकीला वाढावं, मग दिनकरला वाढावं, मग सासूला वाढावं.

वसा फळला. केतकीच्या गालावर रंग चढला. दिनकरची साखर उतरली. सासूचे गुडघे हलू लागले, देवळापर्यंत जाऊ लागले. शेजारणी म्हणाल्या, "दिनकरराव, नशीब काढलंत हो." दिनकर म्हणाला, "आमच्याकडे पहिल्यापासून खाण्याकडं लक्ष असतं." ऐकलंत ना? आमच्याकडे!

आता एक गोष्ट राहिली. रोज काही ना काही उरायचं. कालची भाकरी, परवाची आमटी, पातेल्याला लागलेली भाजी. टाकायचं नाही, असा नेम. कुणाच्या ताटात पडू द्यायचं नाही, असाही नेम. मग वैजयंतेनं काय केलं? तिनं ताटच घेतलं नाही. सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभं राहावं, पातेल्यातच भाकरी कुस्करावी, पाण्याच्या घोटाबरोबर गिळावी. ताटच नाही, तर शिळं ताटात पडेल कसं? असले न्याय बायकांना फार लवकर सुचतात. मला सुचतात, तुम्हालाही सुचतात. माना खाली घालू नका.

असं करता करता वर्षं गेली. एके दिवशी दवाखान्यातलं रक्त मोजायचं यंत्र बिघडलं. दुरुस्तीवाला आला. यंत्र जोडून म्हणाला, "ताई, बघायला कुणाचं तरी रक्त द्या." वैजयंतेनं आपलाच हात पुढं केला. यंत्रानं हिमोग्लोबिन सात दाखवलं. ती हसली. "दादा, तुमचं यंत्र अजून खोटं बोलतंय." त्यानं पुन्हा उघडलं, पुसलं, जोडलं. पुन्हा सातच आलं. मग त्यानं स्वतःचं रक्त घातलं. ते चौदा भरलं. मग तिसऱ्यांदा तिचं घातलं. तिसऱ्यांदाही सात. दुरुस्तीवाला चपापला, म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बसा." रोज बायांना रिपोर्ट देताना ती सांगायची, "पालेभाजी खात जा गं." आता तिला कोण सांगणार? तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त घराचा आला.

घरी गेली. सांगितलं. सासू म्हणाली, "अगं, घरात एवढं होतंय रोज, तुला खायला कुणी नको म्हटलं?" दिनकर म्हणाला, "तू स्वतःकडे लक्षच देत नाहीस." आणि घड्याळाकडं बघून म्हणाला, "आज उशीर होणार का?"

मग ती उठली. पालक चिरला, मूग फोडणीला टाकले, काकडी किसली. भाकऱ्या थापल्या. तिघांची पानं वाढली. तोच दारात म्हातारी उभी. "माई, जेवायला वाढतेस का?" वैजयंतेनं ओळखलं, पाय धरले. म्हातारीनं स्वयंपाकघरात नजर फिरवली. "तीन ताटं दिसतात. तुझं कुठंय?" वैजयंतेनं पातेलं दाखवलं, फडक्यातली कालची भाकरी दाखवली. देवी कोपली. "वसा मोडलास. प्रत्येक तोंडाला ताजा घास म्हटलं होतं. तुला तोंड नाही?"

तेव्हा वैजयंतेचा बांध फुटला. "आई, तू अन्नपूर्णा. जन्मभर तुझ्या हातात पळी. साऱ्या जगाला वाढतेस. तुझं ताट कुणी कधी वाढलं, सांग बघू?"

देवीनं आपल्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. दारातच उभी राहिली. दिनकरचा घास हातात राहिला.

मग केतकी उठली. ओट्याजवळ गेली, फडकं सोडलं, कालची भाकरी घेतली. आपल्या ताटातली गरम भाकरी आईपुढं सरकवली. म्हणाली, "आई, तू ही खा. शिळं आजपासून मी खात जाईन."

वैजयंतेच्या काळजात चर्र झालं. पोर अशक्त होऊ नये म्हणून वसा घेतला होता. पालक घातला, मूग घातले, आणि रोज संध्याकाळी ओट्याशी उभं राहून हेही शिकवलं. पोरगी सगळं बघत होती. नीट बघत होती, एक घास न चुकवता.

तिनं ती भाकरी लेकीच्या हातातून हिसकली. इतकी जोरात की पोर घाबरली. भाकरीचे तुकडे केले. मोठा तुकडा दिनकरच्या ताटात टाकला. त्यानं स्वतःच्या आईकडं पाहिलं. तिनं भिंतीकडं पाहिलं. वैजयंता म्हणाली, "माझ्याकडं बघा. ही खा. आणि उद्या पाचला याल तेव्हा भाकरीचं पीठ मळून ठेवा. येत नसेल तर शिका. नाही मळलं तर ह्या घरात चूल पेटणार नाही. तुमची साखर चढू दे, मला चालेल."

दिनकरनं तो तुकडा खाल्ला. पाण्याशिवाय घशाखाली उतरला नाही. दाराकडं बघितलं तर म्हातारी दिसेनाशी झालेली. दुसऱ्या दिवशी दिनकरनं पीठ मळलं, ते सैल झालं, आणि गल्लीभर सांगत सुटला की बायको बदलली. वैजयंतेचं रक्त हळूहळू वाढलं, पण पुरतं नाही भरलं. आणि केतकी? ती अजून जेवायला बसली की आधी शिळ्याचं फडकं उघडून बघते. आई ओरडते, तरी बघते. ती खोड काही गेली नाही.

माते अन्नपूर्णे, वैजयंतेच्या लेकीनं जसा हात पुढं केला, तसा आमच्या लेकींचा न होवो. हे फळ तुम्हाआम्हाला न मिळो. ही साठां उत्तरांची कहाणी, पाचां उत्तरांत सांगून झाली. सुफळ म्हणायला माझी जीभ उचलत नाही. संपूर्ण तेवढी झाली.