कौतुकाचा एकही शब्द नको

"साठ जागा आणि पोरं अकरा!" तात्यासाहेबांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की प्राचार्यांचा चहा कपातून बशीत आला.

तात्यासाहेब कोंढाळकर म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. तालुक्याचा दूध संघ त्यांचा आणि माळावरचं हे कॉलेज त्यांच्या वडिलांच्या नावाचं. त्यांना शेवटचं "नाही" कुणी म्हटलं होतं, ते त्यांनाही आठवत नसे. आठ दिवसांत जागा भरल्या नाहीत तर कॉम्प्युटर शाखेला कुलूप लागणार होतं. आणि लागलंच, तर त्या कुलपाआड मालन सुतारची नोकरीही जाणार होती. मालन कॉम्प्युटर लॅबची शिपाई. तेरा वर्षं हंगामीच! तिच्या पगारावर घरात तीन तोंडं. आत्ताही ती प्रोजेक्टरची वायर धरून कोपऱ्यात उभी होती, कारण सोडली की चित्र जायचं.

पडद्यावर पुण्याहून आणलेल्या ईशान नावाच्या तज्ज्ञाची जाहिरात चालली होती. निळाशार पोहण्याचा तलाव, हिरवळीवर खिदळणाऱ्या सोनेरी केसांच्या मुली आणि शेवटी ढगांतून प्रकट होणारे तात्यासाहेब.

"बारा हजार लाइक्स आहेत, सर!" ईशान म्हणाला.

असणारच. दूध संघातल्या कामगारांना लाइक करायचा हुकूमच होता. त्या बारा हजारांतून प्रवेशाला एक चिटपाखरू आलं नव्हतं!

मालनला हसू आवरलं नाही.

"कोण हसलं?" तात्यासाहेब गरजले.

"मी, साहेब. अवो, पवायचा तलाव कुठाय आपल्याकडं? हितं प्यायचं पानी दोन टायमाला येतंय!"

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

"असं का? खरं सांगून पोरं येतात होय?" तात्यासाहेब चवताळले. "मग तूच आण! कॉलेजच्या कौतुकाचा एकही शब्द काढायचा नाही आणि खोटंही बोलायचं नाही. आठ दिवसांत साठ भरले, तर मागशील ते देतो. नाही भरले, तर नवव्या दिवशी फाटकातूनच मागं फिरायचं!"

"चालंल," मालन म्हणाली. वायर सोडली आणि तात्यासाहेब ढगांसकट गायब झाले.

घरी जाताना मात्र तिला प्रश्न पडला. तोंड चाललं होतं, पण पुढं काय? विचार करता करता तिला एक गोष्ट लख्ख दिसली. जाहिरात बघतं पोरगं, पण फॉर्मवर सही करतो बाप! आणि बाप इन्स्टाग्रामवर नसतो. तो सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल पाठवत बसलेला असतो!

दुसऱ्या दिवशी तिनं लॅबमध्येच जुन्या पोरांसमोर फोन धरला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. "पोरांनो, कॉलेजबद्दल काय तक्रारी असतील त्या घडाघडा सांगा. आईबापांना धाडनार हाय मी."

पोरांना तेवढंच हवं होतं. "वर्गात रेंजच येत नाही, मावशी!" "थिएटर सतरा किलोमीटरवर आहे!" "दांडी मारली की जोशीमॅडम दुपारच्या आत घरी फोन लावतात!" "सर इथंच राहतात, संध्याकाळीसुद्धा गणितं घालतात!" एक मुलगी म्हणाली, "होस्टेलची काकू साडेसातला फाटक लावते. उशीर झाला की गरम जेवायला वाढते आणि जेवण होईपर्यंत उलटतपासणी घेते!" एकानं तर कँटीनचा वडा कालचा असतो, हेही सांगून टाकलं.

मालननं सगळं जसंच्या तसं धाडलं. बचत गटाच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आणि दिराच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवरही. वर एकच ओळ: 'कोंढाळकर कॉलेजातल्या पोरांच्या तक्रारी ऐका.'

तक्रारी गावोगाव फिरल्या. तिसऱ्या दिवशी फाटकात मोटारसायकली लागल्या. पुढे बाप, मागे तोंड पाडून बसलेलं पोरगं! "रेंज खरंच न्हाई ना?" बाप खात्री करून घेत आणि फॉर्म मागत.

आठव्या दिवशी सकाळी छप्पन्न झाले. चार कमी. पाचला मुदत संपणार. मालननं डबा न उघडताच बाजूला सारला. तेवढ्यात दुसऱ्या वर्षाचा रणधीर आला. "मावशी, माझीपण तक्रार घ्या!"

ती मालननं दोनदा ऐकली. पण खोटं त्यात काहीच नव्हतं. तिनं ती धाडली.

चार वाजता तात्यासाहेबांची गाडी धुरळा उडवत आली. हातात फोन, चेहरा लालबुंद. फोनमध्ये त्यांचा सख्खा नातू रणधीर बोलत होता: "माझे आजोबा अध्यक्ष आहेत, तरी जोशीमॅडमनी मला गणितात नापास केलं! हा कुठला न्याय?"

"मालन!" तात्यासाहेब कडाडले. "माझ्या घरची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस?"

ती काही बोलायच्या आत प्रवेशाच्या रांगेतला एक फेटेवाला पुढं झाला. "रामराम साहेब! तुमच्या नातवाला नापास केलं म्हनं? लई झ्याक! म्हनूनच लेकीला घेऊन आलो. पास झाली, तर सोताच्या अकलेनं हुईल. आनि वडा शिळा हाय हे सोताच सांगनारं कॉलेज मी पैल्यांदाच बघितलं!"

तात्यासाहेबांनी रांग पाहिली. साठ भरून वर नऊजण उभे होते.

"अट मोडलीस तू!" तरी ते म्हणालेच. "हे कौतुकच झालं!"

"कुठला शब्द कौतुकाचा, ते दाखवा साहेब," मालन म्हणाली. "रडगानंच हाय सगळं. आनि त्यात मोठ्यानं रडतंय ते तुमचंच नातवंड!"

मग तात्यासाहेबांचं पोट हललं, मिशा हलल्या आणि ते गडगडाटी हसत सुटले. त्यांच्याबरोबर गाडीतून आलेला ईशानही हसला, पण त्यांनी बघितल्यावर थांबला.

"बोल, काय मागतेस?"

मालननं पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला. कायम करण्याचा अर्ज. दर वर्षी दिलेला, दर वर्षी परत आलेला.

तात्यासाहेबांनी पेन उघडलं. "शिफारस काय लिहू? हुशार? कर्तबगार?"

"कौतुकाचा एकही शब्द नको, साहेब," मालन म्हणाली. "नुसती सही करा!"

तात्यासाहेब पुन्हा असे हसले, की सही जरा वाकडी झाली. पण झाली!