हिरव्या फेट्याचा विणकर

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा राजे होते, आणि राजांहून मोठे त्यांचे मुकादम होते.

अशाच एका राजधानीत राजाचा हातमागाचा कारखाना होता. कारखान्यामागे विणकरांची आळी. माग राजाचा, घरही राजाचं. प्रत्येकाला आठवड्यातून आपापली एक सुट्टी असे; ती सोडून इतर दिवशी सकाळच्या घंटेला ज्याचा माग रिकामा दिसेल, त्याचा माग गेला आणि घरही गेलं, असा नियम होता. आजारपणाबद्दल नियमात काही नव्हतं. नियम करणारा बहुधा कधी आजारी पडला नसावा.

कापसाच्या धुळीमुळे विणकर फेट्याचा सोगा तोंडावर ओढून घेत. चेहरे दिसत नसत. पण मुकादमाचं त्यावाचून अडत नव्हतं. प्रत्येक मागाला एका रंगाचा फेटा होता आणि तो फेटे ओळखत असे. "माझी माणसं मी डोळे मिटून ओळखतो," असं तो सांगे. ते खरंही होतं.

एकदा राजाला उत्तम विणकराचा सत्कार करण्याची लहर आली. मुकादमाने सगळी कापडं तपासली आणि हिरव्या फेट्याला निवडलं. सणाला कारखाना बंद होता, तेव्हा राजाचा शेला घेऊन, ढोलताशे वाजवत तो स्वतः त्याच्या घरी गेला.

दारातच तो थांबला. खाटेवर एक माणूस पडला होता. अर्धं अंग लुळं. शेजारीण त्याला पेज भरवत होती.

"हा कोण?" मुकादमाने विचारलं.

"तुमचा हिरवा फेटा," त्याची बायको म्हणाली. "गेल्या दसऱ्याला अंगावरून वारं गेलं, साहेब."

"मग गेल्या आठवड्यात मी पाठ थोपटली ती कोणाची?"

"त्या दिवशी कोपऱ्यावरच्या भाऊजींची पाळी होती," शेजारीण म्हणाली. "आळीत ज्याची सुट्टी असेल, तो त्या दिवशी यांचा फेटा बांधून बसतो."

मुकादमाने खाटेवरच्या माणसाच्या हातांकडे पाहिलं. "पण इतकं सुरेख कापड?"

"स्वतःचं काम काय, कसंही उरकतं. दुसऱ्याच्या नावावरचं बिघडवायची भीती वाटते हो," शेजारीण म्हणाली.

"साहेब," बायकोने हळूच विचारलं, "घर काढून घेणार का?"

मुकादम तसाच राजापुढे जाऊन उभा राहिला.

"महाराज, उत्तम विणकर सापडला. पण तो वर्षभर कामावरच आलेला नाही."

सगळं ऐकून राजाने आ वासला. मग तो पोट धरधरून हसला. "माग रिकामा नव्हता ना? मग नियम मोडला नाही. पण शेला खाटेला पांघरायचा का? त्या सगळ्यांत उत्तम हात कोणाचा ते शोध आणि त्याला दे."

मुकादमाने आळीत येऊन तसं सांगितलं. लोक आनंदतील अशी त्याची समजूत होती.

"मोरांचा काठ माझा!" कोपऱ्यावरचा पुढे आला.

"तुझा?" समोरच्या घरातला म्हातारा उसळला. "तुझे मोर कोंबड्यांसारखे दिसत होते. मी उसवून पुन्हा विणले!"

"म्हाताऱ्या, तुला मागावरचा धोटा तरी दिसतो का?"

नियमाच्या धाकाने जी आळी फुटली नव्हती, ती एका शेल्याने दिवेलागणीपर्यंत फुटली.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. हिरवा फेटा मागावर नुसताच पडला होता. ज्याची पाळी होती, तो कोपऱ्यावरचा घरीच थांबला. आपलं काम दुसऱ्याच्या नावावर जाणं आता पुरे झालं, असं त्याचं म्हणणं होतं.

सगळ्यांचे माग थांबले. मुकादमाने नुसतं "रिकामा" म्हटलं असतं, तरी संध्याकाळच्या आत ते घर गेलं असतं.

मुकादम मागाजवळ आला. त्याने स्वतःची पगडी काढली, हिरवा फेटा गुंडाळला आणि मागावर बसला.

विणकर पाहतच राहिले. मुकादमाने जन्मात धोटा हातात धरला नव्हता. पहिल्याच फेकीला धोटा जमिनीवर गेला. सूत तुटलं. काठ सापासारखा वाकडा झाला. तरी तो उठेना.

कोणीतरी धावत जाऊन कोपऱ्यावरच्याला घेऊन आलं. कापड पाहून त्याने कपाळावर हात मारला.

"साहेब, हे काय केलंत? त्या बिचाऱ्याच्या नावावर हे असलं कापड?"

"मग कोणाच्या नावावर हवं?" मुकादमाने घाम पुसत विचारलं.

कोपऱ्यावरच्याने हात पुढे करून फेटा मागून घेतला. म्हाताराही शेजारी येऊन उकिडवा बसला आणि दोघांनी मिळून मुकादमाचं वीतभर कापड उसवायला घेतलं.

दुपारी शेला राजाकडे परत गेला. "हा आपल्याकडेच असू द्या, महाराज," मुकादम म्हणाला. "याच्यापायी एक घर जात होतं."

तात्पर्य: दुसऱ्यासाठी केलेल्या कामात आपलं नाव शोधू लागलं, की ज्याच्यासाठी ते काम केलं तोच उघड्यावर पडतो.